काळी म्हणजे न्यूट्रल

काळी तार म्हणजे न्यूट्रल, हे मी एकोणिसाव्या वर्षी पाठ केलं आणि त्यानंतर सत्तेचाळीस वर्षं कुणालाही त्याबद्दल विचारलं नाही. माझा मूर्खपणा तो एवढाच. इतर माणसं मूर्खपणा करतात तेव्हा निदान घाईत तरी असतात, नाहीतर प्रेमात. मी चांगला चष्मा लावून, टेबलावर दिवा ओढून घेऊन, सावकाश केला आणि वर सोल्डरचा असा सुबक थेंब टाकला की बघत राहावं.

सहासष्ट वर्षांची ती बाई डोळ्यांपुढे आली की तिच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो. पायात रबरी स्लिपर, कानावर पेन्सिल, गळ्यात चष्म्याची दोरी, आणि चेहऱ्यावर भाव असा, जणू वीज हिला विचारूनच वाहते. आता मी बहात्तरची आहे. तिच्यापेक्षा बरीच शहाणी झालेय, पण त्या शहाणपणाचं आता करायचं काय, हा प्रश्नच आहे.

लग्नाआधी सहा वर्षं मी पुण्यात रेडिओच्या कारखान्यात होते. लांबच लांब टेबल, दोन्ही बाजूंना आम्ही मुली, प्रत्येकीच्या हातात सोल्डरिंगची कांडी. तेव्हाचे रेडिओ व्हॉल्व्हचे, काचेच्या दिव्यांचे, आणि ते दिवसही संपत आले होते. आमच्या हेडबाईंनी पहिल्याच दिवशी तीन गोष्टी घोकून घेतल्या. लाल म्हणजे फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. पायाखाली रबर असल्याशिवाय चालू सेटला हात लावायचा नाही. आणि एक हात कामाला, दुसरा लांब. म्हणजे शॉक लागलाच तर छातीतून आरपार जात नाही. पुरुष कामगार दुसरा हात खिशात घालायचे. आमच्या साडीला खिसा कुठला? आम्ही तो पाठीमागे नेऊन पदराचं टोक धरून बसायचो. लांबून बघणाऱ्याला वाटावं, पोरी लाजताहेत.

मग लग्न झालं, मुलगी झाली आणि आम्ही विनिपेगला आलो. कांडी ट्रंकेच्या तळाशी गेली. हे इथे एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. रेघ अशी मारायचे की कागदाला कळू नये. पण यांचा खरा जीव हवाईन गिटारमध्ये. मांडीवर आडवी ठेवायची, डाव्या हातात पोलादी दांडी तारांवरून सरकवायची, उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून छेडायची. कॉलेजात ज्या मास्तरांकडे शिकले, त्यांचा दंडक होता की वाद्याला पादत्राण घालून हात लावायचा नाही. यांनी त्यात मोजेही धरले. बाहेर उणे तीस, खाली बेसमेंटची उघडी सिमेंटची फरशी, आणि हे अनवाणी, उजव्या पायाच्या अंगठ्याने ताल धरून बसलेले.

मी म्हणायचे, “अहो, सरस्वतीला विनिपेगचं टेंपरेचर माहीत असेल. मोजे चालतील तिला.”

“तिला चालतील गं. मोज्यात मला माझा अंगठा ऐकू येत नाही.”

अ‍ॅम्प्लिफायरही यांनी स्वतः बनवला होता. एका गराज सेलमध्ये, म्हणजे कुणाच्या तरी घरच्या अडगळीच्या विक्रीत, कपाटाएवढा जुना रेडिओ पडला होता, लाकूड कुजलेलं. मालक म्हणाला, उचलता येत असेल तर घेऊन जा. यांनी त्याच्या पोटातला पत्र्याचा सांगाडा तेवढा काढून आणला, दोन हिवाळे खपून त्याचा गिटारचा अ‍ॅम्प केला आणि पुढे कापड लावलं ते माझ्या नव्या पडद्याचं, न विचारता. दर गणपतीला महाराष्ट्र मंडळ एका शाळेच्या जिमचा हॉल भाड्याने घ्यायचं, तिथे आरतीनंतर हे दोन गाणी वाजवायचे. लोक जेवणाच्या रांगेतून बाहेर येऊन ऐकायचे. बटाटेवडा सोडून मराठी माणूस ऐकायला उभा राहतो, याहून मोठी दाद मी पाहिलेली नाही.

मी पासष्टची असताना यांना कंपवात झाला. उजव्या हाताचा अंगठा मांडीवर पडल्या पडल्या हलायला लागला. गंमत अशी की हात रिकामा असला की थरथरायचा आणि तारेवर ठेवला की गप्प व्हायचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सुरुवातीला असंच असतं, जोवर वाजवता येतंय तोवर वाजवा. बाहेर पार्किंगमध्ये गाडीवरचं बर्फ खरवडता खरवडता हे म्हणाले, “हवाईनमध्ये सूर हलवावाच लागतो. आता आपोआप हलेल.” मी हसले. मग गाडीत बसलो. जोवर येतंय तोवर. म्हणजे किती, ते डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलं नव्हतं.

त्यानंतरच्याच हिवाळ्यात अ‍ॅम्प घुमायला लागला. पुण्याची वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते, इथली साठ, त्यामुळे विनिपेगचं हमिंग पुण्याच्या हमिंगपेक्षा तीन पट्ट्या वर असतं. पण होतं ते जुन्या ओळखीचंच. गाण्यातल्या प्रत्येक थांब्यात ते येऊन बसायचं. यांनी कांडी हातात घेतली आणि पहिल्याच सांध्याला बोट भाजून घेतलं. तारेवर गप्प बसणारा हात सोल्डरिंगला गप्प बसेना.

मी म्हटलं, “उठा. कारखाना आता मी चालवणार.”

“या हेडबाई,” म्हणून हे खुर्चीत जाऊन बसले आणि माझ्यासाठी टॉर्च धरला.

“टॉर्च हलवू नका.”

“मी नाही हलवत. तो हलतोय.”

तो महिना फार छान गेला, खरं सांगायचं तर. मी पँट घालत होते, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा मला दुसरा हात घालायला खिसा होता. प्लग काढून, कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरवून, मी एकेक सांधा तपासला. चायनीज जेवणाबरोबर आलेल्या लाकडी काडीने तारा हलवून बघितल्या. पहिला व्हॉल्व्ह काढला तरी घुमतंय, म्हणजे दोष पुढे नाही, वीज येते तिकडे आहे. मोठे कपॅसिटर वाळले होते, ते बदलले. व्हॉल्व्ह तापवणाऱ्या दोन तारा सुट्या धावत होत्या, त्यांची मुलीच्या लहानपणी घालायचे तशी घट्ट वेणी घातली. प्रत्येक दुरुस्तीला हमिंग थोडं थोडं उतरत गेलं. हे डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, “अजून आहे. पण आता शेजारच्या खोलीत गेलंय.”

शेवटी राहिली प्लगची वायर. जुनी दोन तारांची होती, दोन्ही तपकिरी, थंडीने तडकलेली. म्हटलं, आता नीट तीन पिनांची लावू, जिवाला धोका नको. हे वाक्य मी स्वतःच्या तोंडाने म्हटलं होतं. एका मोडक्या किटलीची वायर कापून सोलली. आत काळी, पांढरी, हिरवी. लाल नव्हतीच.

मी दोन सेकंद विचार केला. दोनच. काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग, म्हणजे उरली पांढरी, ती फेज. लाल रंग सगळा या देशाच्या झेंड्यातच संपला असेल.

“नक्की ना गं?” यांनी विचारलं.

“मी सहा वर्षं कारखान्यात होते.”

“हो, हो. विसरलोच होतो.”

वायर लावली, अ‍ॅम्प चालू केला, तर हमिंग परत हजर, आधीपेक्षा थोडं जास्तच. मला राग आला. सगळं नीट केलंय आणि हे कार्टं घुमतंय! पुन्हा पुन्हा उघडलं. चौथ्या दिवशी हिरवी तार पत्र्यापासून सोडवून बघितली. एकदम शांत. असं शांत की वरच्या मजल्यावरच्या फ्रीजचा आवाज खाली ऐकू आला. मी विजयाने हिरव्या तारेच्या टोकाला टेप गुंडाळला आणि ती कोपऱ्यात दुमडून ठेवली. एक चूक केली होती, ती ओरडत होती, तिचं तोंड मी दुसऱ्या चुकीने बांधलं.

त्या दुपारी यांनी तासभर वाजवलं. मी पायरीवर बसून ऐकलं. थांबे अगदी स्वच्छ होते.

तीन-चार दिवसांनी हे म्हणाले, “बोटांना मुंग्या येताहेत गं.”

“थंडीने असेल.”

पुढच्या आठवड्यात पुन्हा म्हणाले. वाजवायला बसलं की दोन्ही हातांना बारीक मुंग्या येतात, नख्या टोचल्यासारख्या. मी बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या सुरू केल्या. तिळाचं तेल कोमट करून बोटं चोळली. डॉक्टरीणबाईंना सांगू नकोस म्हणाले, ती गोळ्या वाढवेल. आणि मग एका सकाळी, मी कपड्यांची बास्केट घेऊन खाली गेले असताना, यांनी मला विचारलं. हसतच विचारलं, पण विचारलं.

“तुझा अ‍ॅम्प चावत तर नाही ना?”

माझा अपमान झाला. सहा वर्षं कारखान्यात काढलेल्या बाईला हा प्रश्न! मी बास्केट ठेवली, तरातरा गेले आणि चालू अ‍ॅम्पच्या पत्र्यावर हाताचा पंजा सपाट ठेवला.

“बघा. चावतोय?”

ठेवलाच. दहा सेकंद. मला काहीही लागलं नाही, कारण माझ्या पायात रबरी स्लिपर होत्या. हेडबाईंनी घोकून घेतलेल्या तीन गोष्टींतली दुसरी मी पाळत होते. हे अनवाणी होते, सिमेंटवर, अंगठा टेकलेला. मीटर लावून बघायला अर्धं मिनिट लागलं असतं. मीटर समोरच्या खिळ्याला टांगलेला होता.

“नाही ना चावत,” हे म्हणाले. “मग हातच.”

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. गिटार पुसली, पेटीत ठेवली, पेटी पलंगाखाली सरकवली. दोन आठवड्यांनी म्हणाले, “बघ, वाजवणं थांबवलं तर मुंग्या गेल्या. म्हणजे हातांना झेपत नव्हतं.” मला ते पटलं. केवढं चोख वाटलं होतं ते! तेच हात मटार सोलत होते, शर्टाची बटणं लावत होते, सकाळचा चहा गाळत होते. मुंग्या फक्त वाजवतानाच का, हा प्रश्न त्या शहाण्या बाईच्या डोक्यात आला नाही. तिला तर व्हॉल्व्ह काढून दोष कुठल्या टप्प्यात आहे ते शोधता येत होतं.

त्या वर्षीच्या गणपतीत लोकांनी विचारलं, काका, आज काय वाजवणार? हे म्हणाले, “हात गेले माझे.” मी शेजारी मोदकांचं ताट घेऊन उभी होते आणि दुःखाने मान हलवत होते. तेव्हापासून यांना हात खिशात घालून बसायची सवय लागली. घरातसुद्धा. मला वाटायचं थरथर लपवतात. पुढचे दोन हिवाळे असे गेले. मग मात्र हात खरोखरच गेले. आधी बटणं, मग चमचा, मग चालणं. आता दीड वर्ष झालं, हे केअर होममध्ये आहेत.

गेल्या वर्षी बर्फ वितळायला लागलं तेव्हा मुलगी घर आवरायला आली. माझ्याने एवढं घर होत नाही, छोटा फ्लॅट, इथला कंडो, बघायचा असं ठरलं होतं. ती बेसमेंटमध्ये खोकी भरत होती. “आई, डझ धिस थिंग वर्क? चालत असेल तर कुणालातरी देऊन टाकू.”

वॉशिंग मशीनची नळी गळून खाली पाणी झालं होतं. माझ्या स्लिपर भिजून चप्-चप् वाजायला लागल्या म्हणून मी काढून ठेवल्या. अ‍ॅम्पचा प्लग लावला, खटका दाबला. व्हॉल्व्ह हळूहळू तांबूस झाले. हमिंग नाही. जरा अभिमानच वाटला, सवय जात नाही. मागे फिरवून बघावं म्हणून पत्र्याला हात लावला.

मुंग्या. कोपरापर्यंत.

मी हात काढला. परत लावला, कारण पहिल्यांदा खोटं वाटावं अशी इच्छा होती. पुन्हा आल्या. मला तर कंपवात नाही.

प्लग काढून अ‍ॅम्प उलटा केला, मागचं झाकण खोललं. माझा सुबक सोल्डर चकाकत होता. कोपऱ्यात टेप गुंडाळलेली हिरवी तार. मुलीने खांद्यावरून डोकावून बघितलं. तिने स्वतःच्या घराचं बेसमेंट स्वतः फिनिश केलंय, भिंतीतल्या तारांसकट.

“आई, हू वायर्ड धिस?”

“का?”

“ब्लॅक इज हॉट. व्हाइट इज न्यूट्रल. लाइक, सगळीकडे. इट्स द फर्स्ट थिंग दे टेल यू.”

“काळी न्यूट्रल असते.”

“नॉट हिअर, आई.”

तीस वर्षांहून जास्त या देशात राहिले, इथलं नागरिकत्व घेतलं, बर्फ शोव्हल केलं, आणि भिंतीतल्या तारेचा रंग मात्र मी पुण्याचा धरून चालले होते. जुन्या रेडिओच्या त्या सांगाड्यात विजेच्या एका तारेपासून पत्र्यापर्यंत एक चिमुकला कपॅसिटर असतो. न्यूट्रलच्या बाजूला असला तर त्याचा काही त्रास नाही. मी तो फेजच्या बाजूला आणून ठेवला होता. त्यातून थोडी थोडी वीज पत्र्यात झिरपत होती. हिरवी तार असती तर तिने ती जमिनीत नेली असती, पण तिचं तोंड मी बांधलेलं. मग पत्र्यातून गिटारची केबल, केबलमधून तारा, तारांवर पोलादी दांडी, दांडीवर यांची बोटं, आणि खाली सिमेंटवर यांचा अनवाणी पाय. वीज जायला एवढा सरळ रस्ता मी कारखान्यातसुद्धा कधी बांधला नव्हता.

मुलीला सगळं सांगितलं. मुंग्या, तिळाचं तेल, सपाट पंजा. ती खोक्यावर बसली.

“बाबांना सांगू नकोस,” ती म्हणाली. “प्लीज. व्हॉट विल ही डू विथ इट नाउ?”

हा प्रश्न मी आठवडाभर बरोबर घेऊन फिरले. मुलगी बोलली ते बरोबरच. हात जाण्याचं दुःख यांनी केव्हाच गिळलं होतं. ते पुन्हा बाहेर काढून, तेव्हा हात गेलेच नव्हते हो, असं सांगायचं? पण दुसरी बाजूही होती. हे समजत होते की हातांनी दगा दिला. हातांनी दिलेला नव्हता. आणि ते माहीत असलेली मी, रोज दुपारी जाऊन त्याच हातांना क्रीम चोळत होते.

त्या आठवड्यात मी अ‍ॅम्प दुरुस्त केला. काळी-पांढरी बदलली. तो चिमुकला कपॅसिटर कापून टाकला. हिरवी तार पत्र्याला वेगळ्या स्क्रूने, घट्ट. मुलीने मीटर लावून तपासलं. या वेळी मी लावू दिला. चालू केलं तर ना हमिंग, ना मुंग्या. गिटार आणायला मात्र कुणीच पलंगाखाली वाकलं नाही.

रविवारी दुपारी केअर होममध्ये गेले. हे खिडकीशी खुर्चीत होते, स्वेटरच्या खिशांत दोन्ही हात. बाहेर पार्किंगमध्ये काळपट बर्फाचा शेवटचा ढीग. मी स्टूल ओढून बसले आणि सांगून टाकलं. तारांचे रंग सांगितले, हिरवी तार सांगितली, स्लिपर सांगितल्या. तुम्ही मला विचारलं होतंत आणि मी पंजा ठेवला होता, तेही सांगितलं. हल्ली यांचं बोलणं हळू आहे, शब्दाशब्दांत अंतर पडतं, म्हणून मी थांबले.

“म्हणजे पट्टी चुकली तुझी,” हे म्हणाले. “पांढरीच्या जागी काळी.”

मी नको तितक्या मोठ्याने हसले. पलीकडच्या आजीबाई दचकल्या.

“हमिंग?” यांनी विचारलं.

“गेलं. अगदी शांत आहे.”

यांनी खिशातून हात बाहेर काढले, आधी एक, मग दुसरा, आणि मांडीवर ठेवले. दोन्ही थरथरत होते. त्यांच्याकडे हे इतका वेळ बघत राहिले की मला वाटलं, मी काय सांगितलं ते विसरले. मग बोलले.

“तेव्हा हात चांगले होते तर. दोन हिवाळे. चांगले हात होते, आणि मी ते खिशात घालून बसलो.”